ओढतंय म्हणजे झेपतंय असं नाही

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याजवळ थोडा वेळ उभं राहिलं, की पिकअपच्या मागे काय काय ओढलं जातं ते दिसतं. लग्नाला निघालेला जनरेटर, स्लॅबच्या कामावर चाललेला काँक्रीट मिक्सर, विहिरीच्या खोदकामाचा कॉम्प्रेसर. गणेशोत्सवात राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून विसर्जन मिरवणूक निघते, तेव्हा शहागंज, सिटी चौक, गुलमंडी या चिंचोळ्या रस्त्यांवर जनरेटरच्या ट्रॉल्या माणसांच्या दाटीतून पुढे सरकत असतात. त्या गर्दीचा जीव एका पिनेवर आणि एका साखळीवर असतो. तरीही ट्रॉली ओढण्याबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान ऐकीव असतं, आणि त्यातलं बरंच चुकीचं असतं.

"गाडी दीड टनाची आहे, दीड टन आरामात ओढेल"

सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे. पिकअपच्या नावापुढचा १.३ किंवा १.७ टनाचा आकडा हौद्यात भरायच्या मालाचा असतो. मागे जोडून किती ओढायचं हे कंपनी वेगळं ठरवते. ते ठरवताना इंजिनाचा जोर ही एकच गोष्ट पाहत नाहीत. चासी, क्लच, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि मुख्य म्हणजे ब्रेक बघितले जातात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन तीन टनसुद्धा जागचे हलवेल. पण ते तीन टन थांबवायची वेळ आली की ब्रेक तेवढेच राहतात, जेवढे कंपनीने भरलेल्या पिकअपच्या हिशेबाने बसवले होते. वेग ताशी ४० वरून ६० केला की थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. युरोपात ७५० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आपल्याकडच्या बऱ्याचशा जनरेटर आणि मिक्सरच्या गाड्यांना ते नसतात, म्हणजे सगळा भार पिकअपच्या ब्रेकवर येतो.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन आणि गाडी-ट्रेलर जोडीचं मिळून वजन, हे दोन आकडे शोधायचे. ते नसतील तर ओढण्याची क्षमता शून्य समजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये मागे जाड हूक वेल्ड करून घेतला म्हणून क्षमता वाढत नाही. कंपनीने दिलेला मूळ हूकही बंद पडलेली किंवा चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असतो, रोजची ट्रॉली ओढण्यासाठी नसतो. आकडा नसेल तर यंत्र क्रेनने मोठ्या ट्रकच्या हौद्यात चढवावं. भाडं जास्त पडेल, ते द्यावं.

"यंत्र ट्रॉलीवर कुठेही ठेवा, वजन तेवढंच"

एकूण वजन तेवढंच राहतं, पण त्याची जागा बदलली की गाडीचं वागणं पार बदलतं. दोन चाकी ट्रॉलीत चाकांच्या पुढे थोडं जास्त आणि मागे थोडं कमी वजन हवं, साधारण ६० आणि ४० टक्के. त्यामुळे दांड्यातून हुकावर एकूण ट्रॉलीच्या १० ते १५ टक्के भार येतो. यंत्र मागे सरकवून ठेवलं की दांडा वर उचलायला लागतो, पिकअपची मागची चाकं हलकी होतात आणि वेग वाढताच ट्रॉली डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागते. उलट सगळं पुढे रेटलं तर पिकअपचं मागचं अंग दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ही त्याचीच खूण. पुढचा ॲक्सल वळणाऱ्या चार चाकी ट्रॉलीत हुकावर असा उभा भार जवळपास येत नाही, म्हणून हा हिशेब दोन चाकीसाठीच.

हे अंदाजाने कळत नाही, काट्यावर कळतं, आणि काटा करायला फार वेळ लागत नाही. जाधववाडीच्या बाजार समितीला किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला रोज माल नेणाऱ्यांना काटा नवा नाही. फक्त एका वेळेऐवजी तीन वेळा वजन करायचं. आधी नुसती पिकअप. मग ट्रॉली जोडून, पण ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून. शेवटी दोन्ही मिळून. समजा, पहिला आकडा १,७२० किलो आला, दुसरा १,९०० आणि तिसरा ३,२२०. दुसऱ्यातून पहिला वजा केला की हुकावरचा भार मिळतो, १८० किलो. तिसऱ्यातून पहिला वजा केला की ट्रॉलीचं पूर्ण वजन, १,५०० किलो. १८० म्हणजे १,५०० चे १२ टक्के. मांडणी बरोबर आहे. हे १८० किलो पिकअपच्या हौद्यातल्या मालातच मोजायचे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हौदा आधीच गच्च भरला असेल तर मागे ट्रॉली लावायला जागाच उरलेली नसते.

"हेलकावा आला की दाबून ब्रेक मारायचा"

हाच गैरसमज सगळ्यात घातक आहे. हेलकावणारी ट्रॉली मागून ढकलत असताना पुढची गाडी एकदम थांबवली, तर दोन्ही मधल्या सांध्यात कात्रीसारख्या मिटतात. वेग वाढवून ट्रॉली सरळ होईल हेही खोटं, त्याने हेलकावे वाढतात. ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरायचं, ट्रॉलीच्या प्रत्येक झोक्याला उलट दिशेने वळवून उत्तर द्यायचं नाही आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रॉलीला वेगळे ब्रेक असतील तर फक्त तेच हलके लावायचे. मग बाजूला थांबून वजनाची मांडणी बदलायची. ती न बदलता पुढे निघालं तर त्याच वेगाला तोच हेलकावा पुन्हा येणार.

"यंत्र इतकं जड आहे की हलणार कुठे?"

लोखंडी पत्र्यावर लोखंडी चाक किंवा पाया ठेवला, त्यावर थोडं ऑइल सांडलं, की घर्षण फारच कमी उरतं. जोरात ब्रेक लागला की ट्रॉली थांबते, यंत्र थांबत नाही. युरोपीय मानकानुसार बांधणीने पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर सोसला पाहिजे, बाजूला आणि मागे ०.५ पट. म्हणजे एक टनाच्या यंत्रासाठी पुढे ८०० किलोंइतका धक्का. नायलॉनचा दोर वरून टाकून गाठ मारली तर तो फक्त खाली दाबतो, पुढे सरकणं अडवत नाही. यंत्राच्या चारी कोपऱ्यांपासून तिरप्या साखळ्या किंवा रॅचेट बेल्ट पुढे-मागे ताणून बांधायचे, खाली लाकडी फळ्या किंवा रबराची चटई घालायची, चाकांना उटी लावायची, यंत्राचा हँडब्रेक ओढायचा आणि बकेट असेल तर खाली टेकवायची. अमेरिकेच्या नियमात सर्व बांधण्यांची मिळून कामाची क्षमता मालाच्या वजनाच्या किमान निम्मी हवी, आणि साधारण साडेचार टनांवरच्या यंत्राला किमान चार बांधण्या हव्यात. बेल्टवरच्या पट्टीवर ती क्षमता छापलेली असते. ज्या साखळीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणून पाहावं, कारण खड्ड्यांतून गेल्यावर सगळं सैल पडतं.

दांड्याची पिनही त्याच मापाची आणि लॉक क्लिप असलेली हवी. बांधकामावरची सळई वाकवून घातलेली पिन मला जागोजागी दिसते, आणि ती दिसली की भीती वाटते. पिन निघालीच तर शेवटचा आधार म्हणून दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. मग दांडा जमिनीत न घुसता त्या फुलीवर अडकतो.

"उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी"

उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त वाकतात, त्यातून उष्णता वाढते आणि मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या डांबरावर तोच टायर फुटतो. टायर थंड असताना, निघण्यापूर्वी, सांगितलेला दाब भरायचा. टायरवरचा भारांकही वाचायचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. दोन चाकांच्या, दोन टनी ट्रॉलीला १०० चे टायर पुरणार नाहीत, हे तिथल्या तिथे कळतं.

"उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं"

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट आपल्या भागातल्या प्रत्येक चालकाला माहीत आहे. वारंवारच्या कोंडीमुळे उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाच्या आदेशाने २०२३ मध्ये तिथे जड वाहनांना बंदी आली. अशा उतारावर न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं. ब्रेक तापले की पेडल दाबूनही पकड येत नाही. आणि डिझेल वाचतही नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की इंधनपुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

शहरात प्रश्न वेगळा. वळणावर ट्रॉलीची चाकं पिकअपच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापतात. चेलीपुऱ्याच्या कोपऱ्यावर किंवा जुन्या दगडी दरवाजांतून वळताना पुढची गाडी निघाली म्हणून मागची निघेलच असं नसतं. गल्लीत शिरण्याआधी उतरून पायी पाहून यावं. मागे घेताना खाली एक माणूस उभा करावा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की लगेच थांबावं.

"पिकअपचे कागद आहेत, ट्रॉलीचे कशाला?"

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी आणि विमा स्वतंत्रपणे पाहावा लागतो. पिकअपच्या पॉलिसीत ट्रेलर लिहिलेला नसेल, तर त्याने केलेल्या नुकसानीवरून विमा कंपनीशी वाद होणारच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. माल बाजूने, पुढे किंवा मागे बाहेर आला तरी २०,००० रुपये. लायसन्सबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं, की ७,५०० किलोंपर्यंतचं वाहतूक वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं. त्या निकालाने ट्रॉलीच्या कागदांची गरज संपलेली नाही.

यंत्र धरायला म्हणून ट्रॉलीवर बसलेल्या मजुरांचं तर सगळ्यात वाईट होतं. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत येतो. मालवाहू वाहनात फुकट बसून जाणारा प्रवासी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवलं आहे. यंत्र धरून ठेवायला माणूस लागत असेल तर ते नीट बांधलेलं नाही. साखळी आणून पुन्हा बांधावं आणि माणसांना दुसऱ्या गाडीने पाठवावं.