पिकअप आणि ॲव्हरेज यांचे भांडण

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील खडवलीहून पडघ्याकडे निघाले, की मुंबई–नाशिक महामार्ग लागतो. या रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलीविषयी तरुण मुलगा विचारतो, "पिकअप कसा आहे?" वडील विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" एक हवे तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागणार, असे दोघांनाही वाटते. हे कितपत खरे आहे?

एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे 33 मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. तिच्यातील साधारण पाव भागाचेच इंजिन कार्यात रूपांतर करते. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि सिलिंडरच्या भिंतींतून निघून जाते. या वाया जाणाऱ्या उष्णतेतील थोडी जरी कामाला लावली, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त शक्ती मिळेल, किंवा तेवढ्याच शक्तीसाठी कमी पेट्रोल लागेल. म्हणजे पिकअप आणि ॲव्हरेज यांचे मूळ एकच!

मग उष्णता कामाला लावायची कशी? एक मार्ग म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटविण्यापूर्वी अधिक दाबणे. पिस्टन तळाशी असताना वायूला असलेली जागा ही पिस्टन माथ्याशी असतानाच्या जागेच्या जितकी पट असते, तिला संपीडन गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर 8 असेल, तर आदर्श इंजिनाची कार्यक्षमता गणिताने सुमारे 56 टक्के येते. 10 असेल, तर 60 टक्के. प्रत्यक्ष इंजिन यापेक्षा बरेच मागे असते, पण वाढीची दिशा हीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हौशी तरुण 1930 नंतरच्या काळात जुन्या फोर्ड गाड्यांना 'हॉट रॉड' बनवीत, तेव्हा ते सिलिंडरचे हेड तासून हेच गुणोत्तर वाढवीत.

पण याला मर्यादा आहे. मिश्रण फार दाबले, की ते फार तापते. मग ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिनातून ठकठक ऐकू येते. हेच 'नॉकिंग'. ते फार वेळ चालले, तर पिस्टनला इजा होते.

यावर एक सुरेख उपाय आपल्या महाराष्ट्रातच वापरला गेला. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने 2003 साली पल्सर मोटारसायकलीत 'डीटीएस-आय' तंत्र आणले. त्यात एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. कल्पना तशी जुनी. विमानांच्या पिस्टन इंजिनांत दोन प्लग पूर्वीपासूनच असत. नवलाई होती ती लहान, रोजच्या वापरातील गाडीत ती आणण्याची.

दोन प्लगांनी काय साधते? इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला सेकंदाचा फक्त शंभरावा भाग मिळतो. ज्योत दोन बाजूंनी निघाली, की प्रत्येकीला जवळजवळ निम्मेच अंतर कापावे लागते. ज्वलन लवकर आटोपते, पिस्टन माथ्याजवळ असतानाच दाब वाढतो आणि त्या दाबाला पिस्टन ढकलायला पूर्ण वाव मिळतो. कोपऱ्यातील मिश्रणाला आपोआप भडकायला सवडच उरत नाही. शिवाय पेट्रोल कमी असलेले मिश्रणही नीट पेटते. ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे इलेक्ट्रॉनिक चिप ठरविते.

आता काही जण जुन्या गाडीच्या कार्बोरेटरला मोठा जेट बसवितात, त्याचे काय? पूर्ण शक्तीसाठी पेट्रोलच्या सुमारे 13 पट वजनाची हवा लागते. काटकसरीसाठी सुमारे 16 पट. जेट मोठा केला, की पेट्रोल वाढते, पण ते जाळायला हवा तेवढीच राहते. प्रमाण बिघडले, की न जळालेले पेट्रोल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. यात पिकअपही हाती लागत नाही आणि ॲव्हरेजही.

इंजिन कितीही चांगले असले, तरी हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटरऐवजी 80 ने गेल्यास हा विरोध चौपट होतो आणि त्याच्यावर मात करण्यासाठी आठपट शक्ती लागते. म्हणजे खरे भांडण इंजिनात नसून चालविणाऱ्याच्या मुठीत आहे!

विद्यार्थी मित्रांनो, घरी गाडी असेल तर हा प्रयोग करून पाहा. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहा. पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर पेट्रोल लागले ते पाहून भागाकार करा. एक पंधरवडा वडिलांना नेहमीप्रमाणे गाडी चालवू द्या. पुढचा पंधरवडा, रस्ते तेच ठेवून, ताशी 45 च्या आत चालविण्याची विनंती करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा आणि फरकाचे कारण वर्गात सांगा.