रजिस्टरमध्ये न सापडलेलं घर

"सरकारी आकडे आहेत ना, मग काय प्रश्न?" पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एकदा नीट लिहायचं ठरवलंच होतं. उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही. मी राहते ते घरच मिळालं.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या शहरात आम्ही पाच जण एका घरात राहतो. कोणाचं कोणाशी नातं नाही, स्वयंपाकघर एक, बाथरूम दोन. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे अशा घरांवर कौन्सिलने, म्हणजे आपल्या महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेने, लक्ष ठेवायचं असतं. अशा घराला म्हणतात 'हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन', बोलताना एचएमओ. परवाना दिलेल्या एचएमओंचं रजिस्टर कौन्सिलने ठेवायचं आणि ते कोणालाही बघता आलं पाहिजे, हे २००४ च्या हाऊसिंग ॲक्टमध्येच आहे. एका रात्री मी त्या यादीत आमचा पत्ता शोधला. शेजारचं घर होतं, समोरचं होतं, आमचं नव्हतं.

आता तुम्ही यावरून काय निष्कर्ष काढाल? आमचं घर एचएमओ नाही? मी रोज फ्रिजमधल्या माझ्या कप्प्यातलं दूध कोणी प्यायलं ते शोधते, त्यामुळे हे काही मला पटणार नाही. मग घर बेकायदा आहे? मलाही त्या रात्री तसंच वाटलं होतं. उत्तराकडे शेवटी येते. आधी ही यादी तयार कशी होते ते बघू, कारण उत्तर तिथेच दडलंय.

ढोबळमानाने सांगायचं तर तीन किंवा जास्त माणसं, ती एकाच कुटुंबातली नाहीत, आणि संडास, बाथरूम किंवा स्वयंपाकघर सामायिक, की घर एचएमओ झालं. पण प्रत्येक एचएमओला परवाना लागतोच असं नाही. पाच किंवा जास्त माणसं असतील तर इंग्लंडभर परवाना सक्तीचा आहे. तीन-चार माणसांच्या घराला तो लागेल की नाही, हे त्या कौन्सिलने जादा परवाना योजना आणली आहे का यावर ठरतं. अशी योजना एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं चालते आणि ती शहराच्या काही भागापुरतीही असू शकते.

म्हणजे समजा एका रस्त्याच्या डाव्या बाजूला योजना लागू आहे आणि उजव्या बाजूला नाही. दोन्हीकडे चार-चार विद्यार्थ्यांची सारखीच घरं आहेत. रजिस्टरवरून नकाशा काढलात तर डावी बाजू लालभडक दिसेल आणि उजवी पांढरीशुभ्र. तुम्ही प्रबंधात लिहाल की सामायिक घरं रस्त्याच्या एका बाजूला एकवटली आहेत, आणि त्याची कारणंही शोधायला लागाल. बसथांबा जवळ आहे, भाडं कमी आहे, काहीतरी सापडतंच. खरं कारण एवढंच, की योजनेची हद्द त्या रस्त्यावरून जाते.

काळाच्या बाबतीतही हाच घोळ होतो. २००६ मध्ये सक्तीचा परवाना सुरू झाला तेव्हा पाच माणसांबरोबरच घर तीन किंवा जास्त मजल्यांचं असण्याची अट होती. १ ऑक्टोबर २०१८ ला मजल्यांची अट काढली. त्यामुळे त्या सुमाराला परवान्यांचा आलेख एकदम वर गेलेला दिसला तर रातोरात घरं वाढली असं समजू नका. घरं तीच, व्याख्या बदलली. कुठल्याही सरकारी आकड्यांच्या आलेखात अशी पायरी दिसली की आधी कायदा कधी बदलला ते बघायचं, समाज बदलला का ते नंतर.

माझं शिक्षण विज्ञान शाखेतलं, आणि लॅबमध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी एक सवय लावतात. पाण्याच्या नमुन्यात शिसं सापडलं नाही तर तिथे शून्य लिहायचं नाही. 'शोधमर्यादेच्या खाली' असं लिहायचं आणि ती मर्यादा किती तेही लिहायचं. कारण 'नाही' आणि 'आमच्या यंत्राला दिसलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजिस्टर हेसुद्धा एक यंत्रच समजा. पण या यंत्राची शोधमर्यादा गल्लीगल्लीला बदलते आणि ती कुठेही छापलेली नसते. अडचण तिथे आहे.

ती कशी बदलते? परवान्यासाठी घरमालकाने स्वतः अर्ज करायचा असतो. प्रामाणिक मालक अर्ज करतो, एजन्सीमार्फत घर देणाराही बहुधा करतो. जो करत नाही तो सापडतो कसा? बऱ्याचदा तक्रारीवरून. आणि तक्रार कोण करतं? विद्यार्थी करतात, कारण त्यांना विद्यार्थी संघटनेत कोणीतरी हक्क समजावून सांगितलेले असतात. शेजारी करतात, कारण कचऱ्याच्या पेट्या फुटपाथवर पडलेल्या असतात. पण गोदामात रात्रपाळी करणारा, करार हातात नसलेला, भाडं रोखीत देणारा माणूस सहसा करत नाही. तक्रार केली तर खोली जाईल ही त्याची भीती अगदी खरी असते. मग होतं असं: जिथून तक्रारी येतात तिथे तपासनीस जातो, जिथे तपासनीस जातो तिथे दोष सापडतात, आणि पुढच्या वर्षी त्या आकड्यांवरून ठरतं की तपासनीस कुठे पाठवायचा. यंत्र स्वतःच्याच प्रकाशात बघत राहतं.

हा नुसता आकडेशास्त्राचा खेळ नाही म्हणून इथे थोडं थांबते. १९९९ मध्ये ग्लासगोत विद्यार्थी राहत असलेल्या तळघरातल्या फ्लॅटला आग लागली. खिडक्यांना गज होते. दोन विद्यार्थी गेले. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, स्कॉटलंडने अशा घरांना परवाना सक्तीचा केला. परवान्याबरोबर ज्या अटी येतात (धुराचा अलार्म, बाहेर पडायची मोकळी वाट, आणि इंग्लंडमध्ये एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा) त्या कागदी वाटल्या तरी कोणाच्या तरी जिवावर बेतल्यानंतर आलेल्या असतात. त्यामुळे तुमच्या नकाशावरचा पांढरा भाग 'इथे काही समस्या नाही' असा वाचला गेला, तर ज्या घरात अलार्म नाही तिथे कोणी जाणारच नाही.

हेच डोळे घेऊन कौन्सिलच्या बाकीच्या आकड्यांकडे बघा. पर्यावरणाचं घ्या. इंग्लंडमधल्या कौन्सिल कचऱ्याची माहिती २००४ पासून वेस्टडेटाफ्लो नावाच्या एका सामायिक प्रणालीत भरतात, आणि रिसायकलिंगचा दर वजनावर काढला जातो. वजनावर, हे लक्षात ठेवा. बागेतला पालापाचोळा जड असतो आणि कंपोस्टला गेला की तोही या दरात धरतात. मोठाली अंगणं असलेल्या उपनगरी कौन्सिलचा दर त्यामुळे सहज वर जातो. दाटीवाटीने सामायिक घरं असलेल्या, अंगण नसलेल्या शहरी भागात माणसं कितीही इमानेइतबारे डबे-बाटल्या वेगळ्या काढोत, आकडा मागेच राहतो. शिवाय वर्तमानपत्रं घरात येणं कमी झालं, बाटल्या हलक्या झाल्या, त्यानेही वजन घटतं. 'अमुक कौन्सिलचे नागरिक पर्यावरणाबाबत उदासीन आहेत' असं वाक्य लिहायचा मोह झाला तर आधी तिथल्या अंगणांबद्दल माहिती काढा.

सामुदायिक कार्यक्रमांचे आकडे तर आणखी मजेशीर. रविवारच्या सफाई मोहिमेत किती पिशव्या कचरा गोळा झाला हे अहवालात अभिमानाने येतं. पण पिशव्यांची संख्या मुख्यतः किती स्वयंसेवक आले आणि ऊन होतं की पाऊस हे सांगते. इंग्लंडात बहुधा पाऊसच. रस्त्यावर कचरा किती होता हे त्यावरून कळत नाही. उपस्थितीचंही तसंच. चार कार्यक्रमांना आलेली तीच पन्नास माणसं अहवालात दोनशे होतात. यात कोणी खोटं बोलत नसतं बरं का. अहवाल लिहिणाऱ्याला 'आम्ही किती काम केलं' एवढंच सांगायचं असतं. त्यातून 'समाज कसा आहे' हे आपण वाचतो, ती चूक आपली.

बरं, मग करायचं काय? आकडे टाकून द्यायचे? नाही. एक जुनी युक्ती आहे. डेन्मार्कच्या पीटरसनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माशांच्या अभ्यासात खुणा करून सोडलेले मासे वापरले होते. त्याच विचारातून पुढे 'पकड-पुनर्पकड' ही पद्धत रूढ झाली. तळ्यातले काही मासे पकडा, खूण करा, सोडा. पुन्हा जाळं टाका. दुसऱ्या जाळ्यात खूण केलेले किती आले यावरून तळ्यात एकूण किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

घरांच्या बाबतीत दोन जाळी म्हणजे दोन स्वतंत्र याद्या. एक एचएमओ रजिस्टर. दुसरी, उदाहरणार्थ, कौन्सिल टॅक्सची: ज्या घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी आहेत त्याला हा कर माफ असतो, म्हणजे अशा घरांची वेगळी नोंद आपोआप तयार होते. आता काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या यादीत ४०० सामायिक घरं, दुसरीत ३००, आणि दोन्हींत असलेली २००. दुसऱ्या यादीतली दोन तृतीयांश घरं पहिल्या यादीला 'दिसली'. पहिली यादी सगळ्याच घरांपैकी दोन तृतीयांश पकडते असं मानलं, तर एकूण घरं ४०० भागिले दोन तृतीयांश, म्हणजे ६००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर आपल्याला ५०० वेगळी घरं माहीत आहेत. म्हणजे १०० घरं कुठल्याच यादीत नाहीत.

छान वाटतं ना? आता तुमचा परीक्षक विचारेल तो प्रश्न तुम्हीच आधी विचारा. या दोन याद्या खरंच एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का? नाहीत. दोन्ही याद्यांना विद्यार्थ्यांची घरं जास्त सापडतात. त्यामुळे त्यांच्यातली सामायिक घरं फुगतात, आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. गोदामात काम करणाऱ्यांचं घर पहिल्या जाळ्यातून निसटतं आणि करमाफीच्या यादीत तर ते येऊच शकत नाही. दोन्ही जाळ्यांची भोकं एकाच आकाराची असतील तर बारीक मासा दोन्हींतून जातो. म्हणून तिसरी यादी जमवा आणि तीही वेगळ्या स्वभावाची हवी, किंवा विद्यार्थ्यांच्या घरांपुरताच दावा करा. दुसरा पर्याय कमी थाटाचा आहे, पण तोंडी परीक्षेत तोच टिकतो.

आणि याद्या जुळवण्याच्या कामाला कमी लेखू नका. एका यादीत '१२ ए', दुसरीत 'फ्लॅट १, १२', तिसरीत नुसतं '१२'. संगणकाला ही तीन घरं वाटतात. जुळायला हवी ती घरं जुळली नाहीत की सामायिक संख्या घटते आणि अंदाज उलट दिशेने फुगतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे दोन महिने निव्वळ पत्ते साफ करण्यात गेले, आणि गाईडला वाटत होतं काम पुढे सरकत नाहीये.

प्रस्ताव लिहिताना एक साधी कसरत करून बघा. 'शहरात सामायिक घरं कुठे आहेत?' हा प्रश्न खोडा आणि 'कौन्सिलने परवाना दिलेली सामायिक घरं कुठे आहेत?' असा लिहा. दुसरा प्रश्न लहान दिसतो, पण त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. पहिल्याचं उत्तर द्यायचं असेल तर मधलं अंतर कसं कापणार, त्यावर एक अख्खं प्रकरण लिहावं लागेल. बऱ्याच प्रस्तावांत मी बघते की शीर्षकात पहिला प्रश्न असतो, डेटा दुसऱ्याचा असतो आणि मधलं प्रकरण नसतंच. 'मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळी टाकून ते भागत नाही.

तर आमचं घर. मी कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाला ईमेल केला. करताना जरा धाकधूक होती, कारण मालक तसे बरे आहेत आणि या भाड्यात दुसरी खोली मिळणार नाही. (भीतीने तक्रार न करणाऱ्यांबद्दल मघाशी मी किती सहज लिहिलं बघा.) काही दिवसांनी उत्तर आलं. मालकांनी अर्ज कधीच केलेला आहे, तपासणी बाकी आहे, आणि परवाना दिल्याशिवाय घर रजिस्टरवर चढत नाही. अर्ज रीतसर दाखल असेल तर त्या काळात मालकावर विनापरवाना घर चालवल्याचा ठपका येत नाही. म्हणजे आमचं घर एचएमओ आहे, बेकायदा नाही, आणि यादीतही नाही. असा तिसरा रकाना माझ्या डोक्यात त्या रात्री आलाच नव्हता.

तपासनीस पुढच्या महिन्यात येणार आहेत. तोवर जिन्यातला धुराचा अलार्म आम्हीच बटण दाबून तपासला. वाजला.