पापलेटचें मोल

पापलेट महाग झालें ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें याच रुपेरी माशाला 'राज्यमासा' हा मान दिला. मान वाढला, भावही वाढला. तेव्हां कोळ्याचें उत्पन्नही वाढलें असेल, असें कोणासही वाटेल. तें कितपत खरें, हें समजण्यासाठीं पकडीची किंमत कशी ठरते तें प्रथम पाहूं.

ही किंमत म्हणजे वजन आणि भाव यांचा गुणाकार होय. १९४७ सालीं स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ती दोन ठिकाणीं अजमावते: एकदां मासळी बंदरावर उतरते तेथें, आणि एकदां किरकोळ बाजारांत. या दोहोंमधील अंतरांत बर्फ, वाहतूक व दलाली सामावलेली असते. म्हणून आपण मोजलेला रुपया सबंध कोळ्याच्या हातीं पडत नाहीं. शिवाय मासळी कमी आली कीं भाव चढतो, आणि एकूण रक्कम कांहीं काळ कायम राहते. समुद्रांतील तूट अशा रीतीनें हिशेबाच्या वहींत झांकली जाते.

पापलेटचा भाव आकारावरही अवलंबून असतो. मोठ्या माशाला किलोमागें जो भाव येतो, त्याहून पुष्कळच कमी भाव तळहाताएवढ्या पिल्लांस येतो. पालघर जिल्ह्यांतील सातपाटी हें पापलेटसाठीं नांवाजलेलें बंदर. रुंद आसांच्या तरंगत्या जाळ्यांत मोठा मासा कल्ल्यांशीं अडकतो व लहान निसटून जातो. डोलीची गोष्ट निराळी. भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून बांधलेली ही पिशवी शेवटाकडे बारीक आसांची असते. ती बोंबील-जवळ्यासाठीं लावली, तरी पापलेटचीं पिल्लें तींत सांपडतातच.

यांत तोटा किती, हें एका कल्पित उदाहरणावरून कळेल. समजा, १०० ग्रॅमचीं दहा पिल्लें धरलीं. वजन एक किलो, भाव हलका. तींच समुद्रांत राहून ४०० ग्रॅमचीं झालीं, आणि दहांपैकीं पांचच जगलीं, तरी वजन दोन किलो भरतें व भावही वरच्या प्रतीचा मिळतो. त्यांतील माद्यांना अंडीं घालण्याची संधि मिळते, ती वेगळीच.

हें जाणूनच जून-जुलैमध्यें यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवली जाते, आणि २०२३ सालीं महाराष्ट्रांत ५४ जातींच्या माशांसाठीं किमान लांबी ठरविण्यांत आली. परंतु जाळ्यांत मेलेलें पिल्लूं समुद्रांत परत टाकलें तर त्या दिवसाची मजुरीच बुडते, असें कोळ्यास वाटणें स्वाभाविक आहे. आणि गिऱ्हाईक असेपर्यंत तें टोपलींत येणारच. तेव्हां जाळ्याचे आस रुंद करणें जसें कोळ्याच्या हातीं, तसें पिल्लांची मागणी कमी करणें आपल्या हातीं आहे. लहान पापलेटचा वाटा स्वस्तांत पुढें आला, तर गृहिणींनीं तो नाकारावा आणि त्या दिवशीं बोंबील किंवा बांगडा घरीं न्यावा.