चामडी साइड बॅगेचे अस्तर सुटेच हवे

पूर्वी घोड्याच्या पाठीवर असणारी खुर्जी आता मोटारसायकलच्या मागील चाकाशेजारी येऊन बसली आहे. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गावरील भोकरहून कामानिमित्त नांदेड गाठणाऱ्या दुचाकीस्वाराला चामडी साइड बॅग सोयीची वाटते. मात्र मृगाची पहिली सर कोसळली की तिची परीक्षा सुरू होते. आत सातबारा, पासबुक किंवा घरच्या वृद्धांची औषधे असतील, तर नुकसान केवळ बॅगेपुरते राहत नाही.

चामडे कितीही उत्तम कमावलेले असले तरी शिवणीच्या छिद्रांतून पाणी झिरपतेच. यावर उपाय म्हणून आतून रेक्झिनचे अस्तर शिवून घेतले जाते. हा उपाय दिसतो तितका निर्धोक नाही. सुई फिरते तेथे अस्तरालाही छिद्रे पडतात. शिवाय चामडे व अस्तर यांच्यामध्ये शिरलेल्या ओलाव्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. परिणामी बुरशी धरते, दोरा कुजतो आणि टाके उसवतात. म्हणूनच पाणी अडविणारे अस्तर पिशवीसारखे सुटे आणि सहज बाहेर काढता येणारे असावे.

ही पिशवी बॅगेच्या आतील मापापेक्षा थोडी मोठी घ्यावी. ती लहान असल्यास सामानाचा सारा भार तिच्याच सांध्यांवर येतो. सांधे शिवलेले नसून उष्णतेने जोडलेले असावेत. तोंड तीन वेळा गुंडाळता येईल इतकी उंची हवी. वापरण्यापूर्वी पिशवीत पाणी भरून १० मिनिटे टांगून ठेवल्यास गळती ध्यानात येते. खताच्या वा कीटकनाशकाच्या रिकाम्या पिशव्या औषधे आणि खाद्यपदार्थांसाठी कदापि वापरू नयेत.

पाने, पेचकस अशा अवजारांसाठी जाड कॅनव्हासची वेगळी पिशवी योग्य ठरते. बाभळीची साल किंवा हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला ओले लोखंड लागले की त्यावर काळे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत.

आकार टिकविण्यासाठी तळाला व चाकाकडील बाजूस कडक प्लॅस्टिकची पाटी बसवावी. तिचे कोपरे गोल करून घ्यावेत. पुठ्ठा पाणी शोषतो, तर पत्र्याची धार चामडे कापते. ही पाटी नसल्यास ओली, जड बॅग आत दबून चाकात अडकण्याचा धोका असतो. बहुतेक मोटारसायकलींचा सिलेन्सर उजवीकडे असल्याने त्या बाजूची बॅग त्याला टेकणार नाही, याची खात्री करावी. ओले चामडे तापले की आकसते व कडक होते. अस्तरही वितळू शकते.

घरी परतल्यावर अस्तर आणि पाटी बाहेर काढून बॅग उघडी ठेवावी व सावलीत वाळवावी. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ती ठेवू नये. एवढी दक्षता घेतल्यास बॅग अनेक पावसाळे टिकते आणि आतील कागद कोरडे राहतात.