वापरलेल्या मोटारगाडीवरील उत्पादकाची हमी आणि दुसऱ्या मालकाचे स्थान

प्रस्तावना

नवी मोटारगाडी घेणाऱ्या ग्राहकाचे स्थान बरेचसे निश्चित असते. त्याने अधिकृत विक्रेत्याकडून गाडी घेतली, मूल्य चुकते केले आणि हमीची पुस्तिका त्याच्या हाती आली. दोष निघाल्यास कोणाकडे जावयाचे, हे त्याला ठाऊक असते. तीच गाडी दीड-दोन वर्षांनी दुसऱ्याच्या मालकीची झाली आणि हमीची मुदत शिल्लक असताना तिच्यात बिघाड झाला, म्हणजे प्रश्न गुंतागुंतीचा होतो. कार्यशाळेत या दुसऱ्या मालकाला ‘गाडी तुमच्या नावावर नाही’, ‘सर्व्हिसिंगची नोंद नाही’, ‘वॉरंटी पहिल्या ग्राहकापुरतीच आहे’ अशी उत्तरे मिळतात. त्यांपैकी काही योग्य, काही अर्धवट, तर काही सर्वस्वी निराधार असतात. गिअरबॉक्स किंवा इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांसारखा भाग बदलावा लागला, तर खर्चाचा आकडा लहान नसतो. आणि जुनी गाडी घेणारे कुटुंब बहुधा हप्त्यांचा हिशेब करूनच व्यवहारात उतरलेले असते. या उत्तरांची पारख कशी करावी आणि हमी प्रत्यक्षात कशी मिळवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात भारतीय कायद्याच्या चौकटीत केले आहे.

हमी या शब्दाविषयी

मराठीत ‘हमी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या कायदेशीर कल्पनांसाठी वापरला जातो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मधील हमी म्हणजे तिसऱ्या व्यक्तीने कर्तव्य न पाळल्यास ते आपण पार पाडू, असे वचन. कर्जाला जामीन राहणारा देतो ती. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मधील हमी निराळी आहे. विक्रीच्या मुख्य हेतूला आनुषंगिक असलेली ती अट होय. तिचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मागता येते, परंतु केवळ त्या कारणाने माल नाकारता येत नाही. बोलण्यात ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ यांची सरमिसळ होते ती बहुधा यामुळेच. येथे हमी हा शब्द सर्वत्र वॉरंटी या अर्थाने योजला आहे.

मोटार उत्पादकाची हमी ही मुख्यतः दुरुस्तीचे वचन असते. मारुती उद्योग लिमिटेडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले की, हमीच्या अटींनुसार उत्पादकाचे दायित्व सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरते आहे, त्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. पहिल्या मालकालाच जे मिळत नाही, ते दुसऱ्याला मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा नवी गाडी किंवा पैसे परत ही अपेक्षा बाजूला ठेवून सदोष भागाच्या विनामूल्य दुरुस्तीवर लक्ष केंद्रित करणे व्यवहार्य ठरते.

हमी वाहनाची की मालकाची?

करारातून निर्माण होणारे हक्क सामान्यतः करारातील पक्षांनाच बजावता येतात. एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये या तत्त्वाला दुजोरा दिला. दुसऱ्या मालकाने गाडी पहिल्या मालकाकडून घेतलेली असते; उत्पादकाशी वा मूळ विक्रेत्याशी त्याचा थेट करार झालेला नसतो. या तत्त्वाकडे पाहिले, तर त्याचा दावा दुबळा वाटतो.

व्यवहारात मात्र चित्र इतके निराशाजनक नाही. नव्या गाडीसोबत मिळणारी मूळ हमी ही सर्वसाधारणपणे वाहनाला, म्हणजेच त्याच्या सतरा अक्षर-अंकी चासी क्रमांकाला, चिकटलेली असते आणि शिल्लक मुदतीपुरती पुढील मालकाकडे जाते. तशी तरतूद पुस्तिकेत लिहिलेली असेल, तर ते उत्पादकाने पुढील मालकाला दिलेले वचनच म्हटले पाहिजे. म्हणून पहिले काम म्हणजे पुस्तिका वाचणे. ती हरवली असल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावरून वा विक्रेत्याकडून त्या वर्षाची प्रत मिळवावी. ‘त्या वर्षाची’ या शब्दांवर भर देण्याचे कारण आहे. मारुती सुझुकीने ९ जुलै २०२४ पासून मूळ हमी दोन वर्षे अथवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे अथवा १,००,००० किलोमीटर अशी वाढविली. ही वाढ त्या दिवसापासून ग्राहकाच्या ताब्यात दिलेल्या गाड्यांना लागू झाली. समजा, एक गाडी मार्च २०२४ मध्ये पहिल्या ग्राहकाच्या ताब्यात गेली आणि दुसऱ्याने ती सप्टेंबर २०२५ मध्ये घेतली. जाहिरातीतील ‘तीन वर्षे’ ऐकून तो निश्चिंत राहील. प्रत्यक्षात त्याची मूळ हमी मार्च २०२६ मध्ये, किंवा त्याआधी ४०,००० किलोमीटर पूर्ण होताच, संपते. मुदत नेहमी पहिल्या ग्राहकाला गाडी सुपूर्द केल्याच्या तारखेपासून मोजली जाते, दुसऱ्या खरेदीच्या तारखेपासून नव्हे.

जादा पैसे भरून घेतलेल्या विस्तारित हमीचे नियम वेगळे असतात. ती हस्तांतरित करण्यासाठी बहुधा लेखी अर्ज, ठरावीक शुल्क आणि विशिष्ट दिवसांची मर्यादा असते. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी आहे’ असे विकणाऱ्याने सांगितले तर ती कोणाच्या नावावर आहे, उत्पादकाची आहे की एखाद्या त्रयस्थ कंपनीची, आणि हस्तांतरणाची मुदत किती, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. टायर आणि बॅटरी यांची हमी पुष्कळदा त्या त्या वस्तूचे निर्माते स्वतंत्रपणे देतात, तेव्हा त्या दोषांसाठी मोटार उत्पादकाशी वाद घालण्यात वेळ दवडू नये.

विम्याचा दाखला

मालकी बदलल्यावर गाडीशी निगडित हक्कांचे काय होते, याचे उत्तर कायद्याने विम्याच्या बाबतीत दिलेले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ नुसार विमा नव्या मालकाकडे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्शुलेशन्स प्रकरणात १९९५ मध्ये ठरविले की, हे आपोआप होणारे हस्तांतरण त्रयस्थाच्या जोखमीपुरतेच आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल तर विमा कंपनीशी नवा करार झाला पाहिजे. हमीच्या बाबतीत आपल्याकडे एवढीही वैधानिक तरतूद नाही. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येतच हमीच्या मुदतीत ज्याच्याकडे वस्तू हस्तांतरित झाली, त्याचा समावेश आहे. आपल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये मूल्य देऊन वस्तू घेणारा आणि त्याच्या संमतीने ती वापरणारा, असे दोघे येतात. संमतीने वापरणारा म्हणजे घरातला मुलगा किंवा पत्नी, हे सहज पटते. मालकीच बदलून गेलेली व्यक्ती त्यात बसविताना अर्थ ताणावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्या मालकाने या शब्दांवर विसंबण्यापेक्षा पुस्तिकेतील वचनावर, आणि दुरुस्तीसाठी कार्यशाळेला स्वतः दिलेल्या पैशांवर, आपला दावा उभारावा. स्वतः पैसे मोजून घेतलेल्या सेवेपुरता तो निर्विवादपणे ग्राहक असतो.

नोंदणीचे महत्त्व

महाराष्ट्रात जुन्या गाडीचा व्यवहार पुष्कळदा विक्री करार, सही केलेले फॉर्म २९ व ३० आणि गाडीची किल्ली एवढ्यावर ‘पूर्ण’ होतो. दलालाच्या कपाटात ते फॉर्म महिनोन्‌महिने पडून राहतात आणि नोंदणी प्रमाणपत्रावर जुनेच नाव राहते. कलम ५० नुसार त्याच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे आवश्यक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीवर ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला. हा निर्णय हमीविषयी नाही; तथापि कार्यशाळेतील कर्मचारी हाच निकष लावतात. ‘गाडी तुमच्या नावावर नाही’ हे उत्तर म्हणूनच सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही, आणि त्यावरचा इलाज खरेदीदाराच्याच हाती आहे.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार प्राधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यातील वाहनाचा तो मानीव मालक ठरतो. अशा व्यापाऱ्याकडून गाडी घेताना त्याचे प्राधिकारपत्र पाहावे. व्यापाऱ्याने दिलेली स्वतःची वेगळी हमी ही उत्पादकाच्या हमीहून भिन्न असते, याचे भान ठेवावे. तिच्यासाठी उत्पादकाची अधिकृत कार्यशाळा बांधील नसते.

कार्यशाळेत काय घडते

विक्रेत्याची टाळाटाळ समजून घ्यावयाची तर हमीचा हिशेब कसा चालतो, हे पाहिले पाहिजे. हमीखालील दुरुस्ती विक्रेता करतो आणि तिचा खर्च उत्पादकाकडून मागतो. त्यासाठी जॉब कार्ड, दोषाचे वर्णन, काढलेला जुना भाग आणि सर्व्हिसिंगचा इतिहास सादर करावा लागतो. उत्पादकाने दावा फेटाळला, तर पैसे विक्रेत्याच्या खिशातून जातात. अनोळखी मालक, नोंदींमध्ये खंड आणि मीटरवरील शंकास्पद आकडा असे एकत्र आले, म्हणजे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आधीच हात आखडता घेतो. त्याच्या या भीतीचे निरसन कागदांनी होते, आवाज चढवून होत नाही. नव्या मालकाने बिघाडाची वाट न पाहता खरेदीनंतर लगेचच कोणत्याही अधिकृत कार्यशाळेत जाऊन नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्यावी, चासी क्रमांकासमोर आपले नाव व दूरध्वनी नोंदवून घ्यावा आणि त्याच वेळी सर्व्हिसिंगचा जुना इतिहास छापून मागावा. पुण्यात विकलेली गाडी लातूरच्या अधिकृत कार्यशाळेतही सहसा हमीखाली दुरुस्त होते. मूळ विक्रेत्याकडेच जावे लागेल, असे नसते.

नकाराच्या कारणांत सर्वाधिक गैरसमज बाहेरच्या गॅरेजविषयी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४.६४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्याच आदेशात स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करण्याची अट लादू नये, असे बजावले. बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये काही उत्पादकांच्या दंडाची रक्कम कमी केली, पण आयोगाचे मूळ निष्कर्ष मान्य केले. बाहेर टायर बदलले म्हणून स्टिअरिंगच्या मोटरची हमी गेली, असा युक्तिवाद यापुढे टिकणारा नाही.

याउलट काही कारणे खरी असतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरविलेला असणे, नंतर बसविलेल्या सीएनजी संचामुळे इंजिनात वा विद्युत जोडणीत बिघाड होणे, खासगी म्हणून विकलेली गाडी आधी टॅक्सी म्हणून धावलेली असणे, ही त्यांपैकी होत. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळूणमध्ये २०२१ मध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून पुन्हा बाजारात आली, तर काही महिन्यांनी वायरींच्या जोडांवर गंज चढतो आणि हमीचा दावा योग्य कारणानेच फेटाळला जातो. अशा वेळी तक्रार उत्पादकाविरुद्ध नव्हे, तर ही माहिती दडविणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध करावयाची असते. गोव्यातील एका ग्राहकाला नव्या गाडीच्या नावाखाली जुन्या वर्षाची, वापरलेली गाडी दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला वगळले. विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. कोणाला प्रतिपक्ष करावयाचे, हा निर्णय दाव्याचे भवितव्य ठरवितो.

हमी संपली तरी एक हक्क उरतो. सुरक्षेशी संबंधित दोषामुळे उत्पादकाने गाड्या परत बोलाविल्या असतील, तर ती विनामूल्य दुरुस्ती चासी क्रमांकानुसार होते, मालक कितवा हे पाहिले जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले कलम ११०अ याच विषयाचे आहे.

दाद मागताना

नकार तोंडी स्वीकारू नये. तो जॉब कार्डवर कारणासह लिहून मागावा. तेही न मिळाल्यास घडलेली हकिगत त्याच दिवशी विक्रेता व उत्पादक या दोघांना ईमेलने कळवावी. काढलेला भाग फेकू देऊ नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविल्याने काही प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा आयोगाकडे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेले मूल्य ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो, त्या ठिकाणीही ती दाखल करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. टॅक्सी चालवून स्वतःचे पोट भरणारा मालकही ग्राहकच आहे.

तक्रारीत ‘उत्पादन दायित्व’ हा नवा शब्द घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या प्रकरणाखालील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाला झालेले नुकसान वगळलेले आहे. गिअरबॉक्स निकामी झाला, ही तक्रार वस्तूतील दोष आणि सेवेतील उणीव या जुन्याच शीर्षकांखाली मांडली पाहिजे. दोष उत्पादनातील आहे की वापरामुळे, यावर वाद असल्यास कलम ३८ नुसार योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी मागता येते.

विद्युत मोटारींच्या प्रसारामुळे पहिला आणि दुसरा मालक यांतील भेद आता अधिक ठळक होत आहे. काही उत्पादकांनी बॅटरीला ‘आजीवन’ हमी दिली आहे, परंतु ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली जाताच ती आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर एवढी उरते, आणि तीही पहिल्या नोंदणीपासून मोजली जाते. विद्युत गाडीतील सर्वांत महाग भाग बॅटरीच असल्याने पाच वर्षांच्या गाडीची किंमत ठरविताना तिच्या हमीची तीन वर्षे उरली आहेत, असे धरावे लागते. अशी गाडी घेताना अधिकृत कार्यशाळेतून बॅटरीच्या क्षमतेचा तपासणी अहवाल आणि दुसऱ्या मालकाला लागू होणाऱ्या अटींचे लेखी उत्तर, हे दोन्ही व्यवहारापूर्वी मागून घ्यावे.