जूनचं खत, मे महिन्याचं शेवाळ

अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर भागते, अमरावतीची सिंभोऱ्याच्या अप्पर वर्ध्यावर. अशा जलाशयांचा साठा उन्हाळ्यात तळाला गेला की काठाशी पाणी हिरवं दिसू लागतं आणि बोल उन्हाला लागतो. ऊन मात्र केवळ निमित्त. खरं कारण आदल्या पावसाळ्यातच धरणात येऊन पडलेलं असतं.

काटेपूर्णा वाशीमकडून सोयाबीन-कपाशीच्या शिवारांतून येते. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. पीक त्यातला थोडाच उचलतं; बाकीचा काळ्या मातीला चिकटून बसतो. जोराचा पाऊस माती खरडतो आणि तिच्यासोबत हा फॉस्फरस नाल्यांतून धरणात येतो. वाटेतल्या गावांचं सांडपाणी त्यात भर घालतं. एक किलो फॉस्फरस साधारण ५०० किलो ओलं शेवाळ पोसू शकतो. उन्हाळ्यात तळातला प्राणवायू संपला की गाळ साठवलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडतो. म्हणून एक वर्ष खत कमी टाकलं तरी हिरवेपणा लगेच हटत नाही.

सगळंच शेवाळ घातक नसतं. हिरवट पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरव्या कणांची साय वर आली, तर मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवालाचा संशय घ्यावा. त्याच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, म्हणून ते तरंगतं. त्याचं विष यकृतावर घाव घालतं आणि पाणी उकळूनही जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच विषामुळे सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं.

मोरचूद टाकण्याचा जुना उपाय इथे अंगाशी येऊ शकतो: पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मिसळतं. क्लोरीन वाढवावा, तर शेवाळाशी मिळून ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं तयार होतात. त्यापेक्षा तवंग टाळून खालच्या थरातून पाणी उचलणं आणि पेशी अख्ख्या असतानाच तुरटीने खाली बसवणं बरं.

कायमचा इलाज शिवारातच आहे: माती तपासून खताची मात्रा, नाल्याकाठी गवताचा पट्टा, सांडपाण्यावर प्रक्रिया. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून साठवण वाढवण्यासाठी ओळखली जाते. पण उघड्या पडलेल्या काठावरून गाळाची ट्रॉली शेतात गेली, तर शेवाळाचं खाद्यही धरणाबाहेर जातं आणि शेतकऱ्याने पैसे मोजलेला फॉस्फरस पिकाला परत मिळतो.