व्हॉल्वचा ध्वनिवर्धक आणि गिटारचा सूर

ज्यांच्या घरीं पन्नास-साठ वर्षांपूर्वीं व्हॉल्वचा रेडिओ होता, त्यांस कळ फिरविल्यानंतरचा तो अर्ध्या मिनिटाचा मौनकाल आठवत असेल. आंतील काचेच्या नळ्या तापून तांबूस होईपर्यंत बातम्या कांहीं थांबत नसत. आपणच थांबत असूं! १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रॅन्झिस्टरचा शोध लागला, आणि पुढें त्या नळ्या यथाक्रम अडगळींत गेल्या. परंतु विजेची गिटार वाजविणारांनीं मात्र त्यांस मरूं दिलें नाहीं. आज रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत ज्या नळ्या तयार होतात, त्यांचें एक मोठें गिऱ्हाईक म्हणजे हे वादकच होत. आतां आपल्याही घरांतून नातवंडें गिटार शिकूं लागलीं आहेत व लाखाच्या वर किंमतीचा ध्वनिवर्धक मागूं लागलीं आहेत. त्या मागणींत हट्ट किती व तथ्य किती, हें वडील मंडळींनीं एकदां पाहणें अवश्य आहे.

तथ्य आहे, हें प्रथमच सांगतों. विजेच्या भरीव गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तंबोऱ्यास जसा भोपळा, तसा तिला ध्वनिवर्धक; म्हणजे तो निम्में वाद्यच होय. रेडिओंत ध्वनीची विकृति हा दोष मानीत. येथें तीच भूषण ठरली आहे. व्हॉल्ववर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकिला, म्हणजे ध्वनिलहरीचें शिखर हळूहळू बोथट होतें आणि मूळ स्वरांत नसलेले उपस्वर त्यांत उत्पन्न होतात. साध्या ट्रॅन्झिस्टरच्या यंत्रांत तेंच शिखर सुरीनें कापल्यासारखें एकदम सपाट होतें, म्हणून तो आवाज कानास कर्कश लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा जीव सारून जवारी लावितात, तेव्हां एकेरी तार कशी भरून बोलूं लागते, हें मिरजेच्या कारागिरांचीं वाद्यें ज्यांनीं ऐकिलीं आहेत त्यांस सांगावयास नको. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर शास्त्रीय लेख लिहिला होता. दोन्हींचीं कारणें अर्थातच भिन्न आहेत; साम्य आहे तें फळांत.

आतां यंत्रांकडे वळूं. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर हा गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसे, ही मौजेची गोष्ट. पण त्याच्या कारखान्यांतून १९६३ सालीं निघालेला ‘ट्विन रिव्हर्ब’ हा स्वच्छ सुराचा आदर्श मानला जातो. चार मोठे व्हॉल्व, बारा इंची दोन स्पीकर व सुमारें ८५ वॅट शक्ति. मधल्या सप्तकाचा भाग किंचित् दबलेला, त्यामुळें तार स्वर काचेसारखे लखलखतात. आणि आंतील स्प्रिंगमुळें सभामंडपांत वाजविल्यासारखी आस राहते. मात्र हा ध्वनिवर्धक आपली शुचिता सहसा सोडीत नाहीं. त्यास खरखरीत बोलावयास लावावें, तों शेजारी दार ठोठावूं लागतात.

इंग्लंडांत डार्टफर्ड येथें डिक डेनी यानें १९५९ च्या सुमारास केलेला व्हॉक्सचा ‘एसी ३०’ याच्या उलट स्वभावाचा. ‘ईएल ८४’ जातीचे चार लहान व्हॉल्व, शक्ति अवघी ३० वॅट, आणि आंत ऋण-प्रतिपोष नाहीं. म्हणजे यंत्राचा आवाज त्याच्याच आरंभाकडे परत नेऊन त्यास शिस्त लावण्याची योजना त्यांत केलेली नाहीं. त्यामुळें बोटाचा दाब थोडा बदलला तरी सूर बदलतो. शॅडोज व बीटल्स यांचें आरंभींचें वादन यावरचें. माझ्या मतें शिकणाराचें बोट पारखणारा याहून कडक परीक्षक नाहीं. पण तापतो फार.

मार्शलची कथा अधिक रसाळ आहे. जिम मार्शल हा पश्चिम लंडनमध्यें हॅनवेल येथें ढोल शिकविणारा व वाद्यांचा दुकानदार. १९६२ सालीं त्याच्या साहाय्यकांनीं फेंडरच्या ‘बासमन’ची रचना समोर ठेवून, इंग्लंडांत मिळणारे भाग घालून नवा ध्वनिवर्धक केला. नक्कल करावयास गेले आणि निराळेंच अपत्य जन्मलें! भाग बदलले, बारा इंची चार स्पीकर बंद पेटींत बसविले, आणि सूर जाड, मध्यभागीं भरलेला असा झाला. एरिक क्लॅप्टननें १९६६ सालीं जॉन मेयॉलच्या तबकडींत तो मुक्तपणें वाजविला, आणि पुढील पिढीनें तोच रॉक संगीताचा मूळ स्वर मानला. तथापि हा एकमार्गी आहे. शांत रसाचें त्यास वावडें.

एकाच यंत्रांत सर्व रस हवेत, या इच्छेचें उत्तर कॅलिफोर्नियाच्याच रँडल स्मिथनें दिलें. मेसा-बूगीच्या यंत्रांत त्यानें लहान व्हॉल्वांच्या पायऱ्या एकापुढें एक जोडल्या. विकृति तेथेंच उत्पन्न होते, म्हणून शेवटच्या मोठ्या व्हॉल्वांस पूर्ण ताण न देतां, हळू आवाजांतही ती मिळते. एकत्र कुटुंबाच्या घरास याचें मोल विशेष! २००९ च्या ‘मार्क फाइव्ह’मध्यें तीन मार्ग, प्रत्येकाचे तीन प्रकार, आणि शक्ति १०, ४५ वा ९० वॅट अशी निवडतां येई. पण नऊ प्रकार व खुंट्यांची रांग समोर असली कीं मुलाची संध्याकाळ वाजविण्यांत न जातां खुंट्या पिळण्यांत जाते. बहुगुणीपणाचा हा खर्च दुकानदार सांगत नाहीं. अलेक्झांडर डंबल या २०२२ सालीं वारलेल्या कारागिराचे ध्वनिवर्धक तर एक लाख डॉलरांच्या वर विकले गेले आहेत. तो संग्राहकांचा प्रांत, आपला नव्हे.

शक्तीच्या आंकड्यास भुलूं नये. ५० वॅटांचे १०० केले तरी आवाज तीन डेसिबलच वाढतो. कानास दुप्पट वाटावयास सुमारें दहापट शक्ति लागते. घरास पंधरा वॅटही पुष्कळ होतात. पहिलीं दोन-तीन वर्षें तर संगणकीय नक्कल करणारें स्वस्त यंत्र व कानाचे फोन पुरेत, असें मी निःसंकोच सांगेन. त्यानंतरही मुलाचा हात टिकला, तर दुकानांत त्याची स्वतःचीच गिटार न्यावी, तिच्यावरील आवाजाची खुंटी दहावरून चारावर आणावयास सांगावें, व खरखरीत सूर आपोआप स्वच्छ होतो कीं नाहीं हें ऐकावें. जो ध्वनिवर्धक एवढें ऐकतो, त्यास नऊ प्रकारांची गरज थोडी.

अमेरिकेंतील आप्तांकडून यंत्र मागविणारांनीं लक्षांत ठेवावें कीं तेथील वीज १२० व्होल्टची व आपली २३० ची. योग्य ट्रॅन्स्फॉर्मरावांचून तें येथें लावूं नये. शिवाय ‘ट्विन’चें वजन सुमारें २९ किलो भरतें. स्पीकर न जोडतां व्हॉल्वचा ध्वनिवर्धक कधींही सुरू करूं नये, आंतील ट्रॅन्स्फॉर्मर जळण्याचा संभव असतो. आणि पेटी तर घरीं उघडूंच नये. आंत चारशें व्होल्टांच्या वर दाब असतो, आणि तार काढल्यावरही तो कांहीं काळ कपॅसिटरांत दबा धरून राहतो. मोठे व्हॉल्व जाणत्या कारागिराकडूनच, एकसारख्या जोडीनें बदलून घ्यावे.